वर्किंग हॉलिडे व्हिसाचा 'कोटा' विकणाऱ्यांपासून सावध राहा

ऑस्ट्रेलियाच्या 'वर्क अँड हॉलिडे' व्हिसाच्या नावाखाली बडोद्यात आमच्या घरचे साडेतीन लाखांहून जास्त रुपये गेले. माझा धाकटा भाऊ हॉटेल मॅनेजमेंट करून अलकापुरीतल्या एका हॉटेलच्या किचनमध्ये कॉमी, म्हणजे सगळ्यात खालच्या पायरीचा शेफ होता. ब्रेक शिफ्ट, लग्नसराईत रात्री दीड-दीड वाजेपर्यंत उभं राहणं आणि हातात येणारा पगार वीस हजारांच्या आत. बाहेर जायचं त्याच्या डोक्यात कॉलेजपासून होतं. अशी मुलं आज घरोघरी आहेत आणि त्यांच्या आईवडिलांना गाठणारी माणसंही आहेत, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

आधी खरी योजना काय आहे ते सांगते, कारण आमच्यासमोर जे बोललं गेलं त्यातला बराच भाग या खऱ्या गोष्टींतूनच उचललेला होता. भारत आणि ऑस्ट्रेलियाचा व्यापार करार डिसेंबर २०२२मध्ये लागू झाला. त्या करारामुळे सबक्लास ४६२, म्हणजेच हा 'वर्क अँड हॉलिडे' व्हिसा भारतीयांना खुला झाला आणि ऑक्टोबर २०२४मध्ये पहिली नोंदणी झाली. वय १८ ते ३०, बारावीनंतर किमान दोन वर्षांचं शिक्षण, कामापुरतं इंग्रजी आणि खात्यात साधारण ५,००० ऑस्ट्रेलियन डॉलर. वर्षाला जागा फक्त १,०००. पहिल्या दोन आठवड्यांतच सुमारे ४०,००० अर्ज आले होते. म्हणून बॅलट, म्हणजे सरळ सोडत. नोंदणी ऑस्ट्रेलिया सरकारच्या वेबसाइटवर स्वतः करायची, फी २५ डॉलर, म्हणजे तेव्हाच्या भावाने चौदाशे रुपयांच्या आसपास. पासपोर्ट आणि पॅन कार्डाचा तपशील भरायचा. कॉम्प्युटर नावं काढतो. ज्याचं नाव निघेल त्याला ईमेल येतो, मग ठरलेल्या मुदतीत व्हिसाचा खरा अर्ज भरायचा, त्याची फी त्या वर्षी ६५० डॉलर होती. एवढंच. या सगळ्यात एजंटला करण्यासारखं काही उरतच नाही.

आम्हाला भेटलेल्या एजंटचं ऑफिस सयाजीगंजात होतं. माणूस मराठी. पहिल्याच भेटीत त्याने आमचं आडनाव विचारलं, दांडिया बाजारात कुठल्या पोळात, म्हणजे गल्लीत राहता ते विचारलं, बाबांना 'काका' म्हणायला लागला. 'काका, आपल्या लोकांचं काम मी जातीने बघतो,' हे वाक्य त्याच्या तोंडी सारखं असायचं. गुजरातेत पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या मराठी घरांना आपली भाषा बोलणारा माणूस भेटला की किती बरं वाटतं, हे बडोदेकरांना वेगळं सांगायला नको. त्याला ते नेमकं ठाऊक होतं, आणि मला आजही सगळ्यात जास्त संताप त्याचाच येतो. पैशाआधी त्याने तो जिव्हाळा वापरून घेतला.

भिंतीवर फ्रेममध्ये तीन कागद होते: गुमास्ताधाऱ्याचं लायसन्स, जीएसटीचं सर्टिफिकेट आणि कसलंतरी आयएसओ. बघणाऱ्याला वाटतं, सगळं रीतसर आहे. पण गुमास्ता लायसन्स दुकान उघडायचं असतं आणि जीएसटी कर भरायचा. परदेशात नोकरीला माणसं पाठवायची तर १९८३च्या एमिग्रेशन ॲक्टखाली भारत सरकारकडे रिक्रूटिंग एजंट म्हणून नोंदणी लागते. ती नोंदणी परराष्ट्र मंत्रालयाच्या ईमायग्रेट पोर्टलवर नाव टाकून कुणालाही बघता येते. तिथे चालू लायसन्सवाले, मुदत संपलेले आणि बेकायदा म्हणून नोंदलेले अशा याद्या वेगवेगळ्या आहेत. शिवाय नोंदणीकृत एजंटलाही उमेदवाराकडून जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि त्यावरचा जीएसटी एवढंच घेता येतं. आमच्या माणसाची फाइल चार्जची पहिली मागणीच या आकड्याच्या वर होती.

त्याचं मुख्य भांडवल होतं 'कोटा'. तो म्हणायचा, 'बॅलट आम पब्लिकसाठी आहे. हॉटेल लाइनवाल्यांचा रिमोट एरियाचा कोटा वेगळा, तिथे सिलेक्शन कन्फर्म.' यात खरं एवढंच, की पहिलं वर्ष तिकडे काढल्यावर दुसऱ्या वर्षाचा व्हिसा हवा असेल तर ठरावीक प्रकारचं काम ठरावीक मुदतीसाठी केलेलं लागतं, आणि उत्तरेकडच्या किंवा दुर्गम भागातल्या हॉटेलचं, पर्यटनाचं काम त्यात धरतात. हा नियम आधीच तिथे पोहोचलेल्यांसाठी आहे. पहिल्या व्हिसासाठी हॉटेलवाल्यांचा, रिमोटवाल्यांचा, कसलाही कोटा नाही. सोडतीत नाव आणून देण्याची ताकद कुणाच्याही हातात नाही.

पैसे हप्त्याहप्त्याने गेले. फाइल चार्ज, मग सिलेक्शनचे, मग जॉब लेटरचे, मग 'टॅक्स नंबर पॅकेज'चे. हा टॅक्स नंबर ऑस्ट्रेलियात पोहोचल्यावर तिथल्या सरकारकडून फुकट मिळतो. मोठी रक्कम त्याने रोख मागितली, थोडी अंगडियातून, म्हणजे रोकड पोचवणाऱ्या खासगी कुरियरवाल्याकडून मुंबईला पाठवायला लावली आणि उरलेली यूपीआयने एका तिसऱ्याच बाईच्या खात्यात घेतली. रोख रकमेची पावती म्हणून पॅडवर खरडलेला आकडा आणि सही, ऑफिसचं नाव नाही. ओरिजिनल पासपोर्ट 'एम्बसीला लागतो' म्हणून ठेवून घेतला.

२०२५च्या सुरुवातीला जॉब लेटर आलं. ते मी हिशेब तपासते तसं ओळ न् ओळ तपासलं, आणि माझ्या मते हा कागदच पुढच्या माणसाला सगळ्यात उपयोगी पडेल. मेलबर्नच्या एका हॉटेलचं लेटरहेड. रिमोट एरियाचा कोटा म्हणत होते आणि हॉटेल मेलबर्नला! खाली गोल निळा शिक्का, आपल्या सोसायटीच्या पावतीवर असतो तसा. ऑस्ट्रेलियात प्रत्येक धंद्याचा एबीएन म्हणून नंबर असतो, तो ११ आकडी. पत्रावरचा १० आकडी होता. ईमेलचा पत्ता फुकटात मिळणाऱ्या जीमेलचा. मुदत २४ महिने, आणि हा व्हिसा एका वेळी १२ महिन्यांचाच मिळतो. त्यातही साधारणपणे एका मालकाकडे ६ महिन्यांपेक्षा जास्त काम करता येत नाही. काही भाग आणि धंदे त्याला अपवाद आहेत.

आता पगार. दरमहा ५,२०० डॉलर, राहणं-जेवण फुकट. आईबाबांनी रुपयांत धरलं तर पावणेतीन लाखांच्या वर जात होतं आणि घरात सगळ्यांचे चेहरे खुलले होते. पण त्याच पत्रात ड्युटी लिहिली होती रोज १२ तास, आठवड्याला ६ दिवस. म्हणजे आठवड्याचे ७२ तास, महिन्याचे तीनशेहून जास्त. भागाकार केला तर तासाला १७ डॉलरसुद्धा पडत नाहीत. ऑस्ट्रेलियात १ जुलै २०२४पासून किमान वेतन तासाला २४.१० डॉलर होतं आणि पूर्ण वेळेची नोकरी आठवड्याला ३८ तासांची धरतात. तिथलं कुठलंही खरं हॉटेल स्वतःच्या लेटरहेडवर कायदा मोडल्याचं लिहून देणार नाही. हे आखाती देशांच्या जुन्या करारपत्रांच्या नमुन्यावर नाव बदलून काढलेलं पत्र होतं.

आणि सगळ्यात मोठी गोष्ट ही, की या व्हिसाला नोकरीचं पत्र लागतच नाही. मुलं तिथे जातात आणि मग कॅफे, पब, रिसॉर्ट जे मिळेल ते काम शोधतात. बारमध्ये दारू सर्व्ह करायची असेल तर आरएसए नावाचं छोटं सर्टिफिकेट काढावं लागतं, तेही सहसा तिकडे गेल्यावर. तेव्हा वर्किंग हॉलिडेच्या नावाने कुणी भारतात बसून जॉब लेटर विकत असेल, तर तिथेच उठून बाहेर पडा.

मी हे सगळं त्याच्यापुढे ठेवलं. तो शांतपणे म्हणाला, 'ताई, इतकं खोलात गेलात तर मुलगा इथेच राहील. व्हिसा आला की बघा.' आणि खरोखरच काही आठवड्यांनी व्हॉट्सॲपवर 'व्हिसा ग्रँट नोटीस'ची पीडीएफ आली. भावाने त्याच आठवड्यात हॉटेलमध्ये राजीनामा दिला होता, कारण एजंटने तिकिटाची घाई लावली होती. ऑस्ट्रेलियाचा व्हिसा पासपोर्टवर चिकटवून येत नाही, तो कॉम्प्युटरमध्ये नोंदलेला असतो. ती नोंद 'व्हेवो' नावाच्या सरकारी सेवेवर व्हिसाधारकाला फुकट बघता येते. पासपोर्ट नंबर, जन्मतारीख आणि ग्रँट नंबर टाकला की व्हिसाची मुदत, अटी सगळं समोर येतं. आम्ही टाकलं. नोंद नाही. पुन्हा टाकलं, पासपोर्टच्या झेरॉक्सवरून एकेक अक्षर ताडून. नोंद नाहीच. व्हिसा देणाऱ्या ऑस्ट्रेलियाच्या गृह खात्याचे ईमेल होमअफेअर्स डॉट गव्ह डॉट एयू या पत्त्यावरून येतात, आणि आम्हाला तर एकही ईमेल आलेला नव्हता. बॅलटच्या नोंदणीची पोच मागितली तर तीही त्याच्याकडे नव्हती. त्याने चौदाशे रुपयांची ती नोंदणीसुद्धा केली नव्हती, आणि भावाची त्या वर्षाची सोडतीची संधी गेली.

त्यानंतर 'सर्व्हर अपडेट होतोय', मग 'एम्बसीत हॉलिडे आहे', मग फोन बंद. पासपोर्ट परत द्यायला त्याने आणखी पैसे मागितले. पासपोर्ट भारत सरकारची मालमत्ता असतो, तसं त्यातच छापलेलं आहे, तो अडवून ठेवायचा अधिकार कुठल्याही एजंटला नाही. पोलिसात अर्ज देतो म्हटल्यावर दुसऱ्या दिवशी त्याच्या ऑफिसच्या पोऱ्याने पासपोर्ट घरी आणून टाकला.

यूपीआयने गेलेल्या रकमेसाठी आम्ही १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार केली. इथे वेळेला फार किंमत आहे. पैसे खात्यात पडून असतील तोवर बँकेला ते गोठवता येतात. आमच्या शेवटच्या हप्त्याचा काही भाग त्यामुळे अडकला आणि तो परत मिळण्याची प्रक्रिया चालू आहे. रोख आणि अंगडियाने गेलेल्या पैशाचा मात्र कागद नाही, तिथे आम्ही अजून झगडतो आहोत. पोलिसांकडे तक्रार देताना फसवणुकीचं, म्हणजे भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ तर लागतंच, पण नोंदणी नसताना भरती केल्याबद्दल एमिग्रेशन ॲक्टचं कलम १०सुद्धा लावायला सांगा. आम्हाला ते एका वकील काकांनी सुचवलं, ठाण्यात आपणहून कुणी बोललं नव्हतं.

इंग्लंडच्या नावानेही हाच प्रकार चालू आहे. 'इंडिया यंग प्रोफेशनल्स स्कीम'मध्ये वर्षाला ३,००० जागा आहेत, पदवी लागते, खात्यात २,५३० पौंड दाखवावे लागतात, आणि तिथे तर बॅलटमध्ये नाव घालायला एक पैसाही लागत नाही. त्याचेही हजारो रुपये घेणारे मला याच शहरात भेटले आहेत.

भाऊ आता पुन्हा नोकरीला लागला आहे, जुन्या हॉटेलात जागा भरली होती म्हणून दुसरीकडे, कमी पगारावर. पुढच्या बॅलटला नाव तो स्वतःच घालणार आहे, स्वतःच्या ईमेलवरून. आणि सयाजीगंज, फतेहगंज भागात ज्यांनी 'हॉटेल कोट्या'साठी कुणालाही पैसे दिले असतील, त्यांनी व्हॉट्सॲपचे मेसेज डिलीट करू नका. यूपीआयचे व्यवहार बँकेच्या स्टेटमेंटसह काढून ठेवा, पॅडवरच्या चिठ्ठ्यासुद्धा जपा आणि आपल्या भागाच्या पोलीस ठाण्यात वेगळी तक्रार द्या. एकाच माणसाविरुद्ध जितक्या तक्रारी जमतील तितका तपास पुढे सरकतो, हे आम्हाला तपास अधिकाऱ्यांनीच सांगितलं आहे.