प्रॉक्समॉक्सवर दोन वर्षं पॅचिंग केल्यावर

सर्व्हरवर पॅच, म्हणजे सॉफ्टवेअरमधल्या दुरुस्त्या, टाकायची भीती मला कधी वाटली नाही, भीती वाटते ती रीबूटची. आमच्या जुन्या सेटअपमधला एक होस्ट, म्हणजे व्हर्च्युअल मशीन्स चालवणारा सर्व्हर, वर्षभराहून जास्त काळ बंदच झाला नव्हता. झाला त्या रात्री पॅच व्यवस्थित बसला, पण कोणीतरी कधीतरी हाताने टाकलेला एक नेटवर्क रूट कुठल्याच फाइलमध्ये लिहिलेला नव्हता. त्यावरचं बिलिंगचं व्हर्च्युअल मशीन चालू होतं, पण सकाळपर्यंत कुणालाच तिथे पोहोचता आलं नाही. त्यानंतर आम्ही प्रॉक्समॉक्स व्हीई या व्हर्च्युअल मशीन्स चालवणाऱ्या प्लॅटफॉर्मवर आलो. एका क्लस्टरमधले तीन नोड (सर्व्हर) आणि सगळ्यांना सामायिक शेअर्ड स्टोरेज, दर महिन्याला पॅचिंग.

माझ्यासाठी यातली सगळ्यात मोलाची सोय म्हणजे 7.3 मध्ये आलेला मेंटेनन्स मोड. नोड त्यात टाकला की एचएमधली (हाय अव्हेलेबिलिटी, म्हणजे नोड पडला तरी मशीन चालू ठेवणारी व्यवस्था) मशीन्स आपोआप शेजारच्या नोडवर जातात आणि मोड काढला की परत येतात. पहिल्यांदा मी डेटाबेसला सतत पिंग लावून श्वास रोखून बसले होते. पिंगचं एक पॅकेट हरवलं, बाकी काही नाही. एचएमध्ये नसलेली मशीन्स मात्र जागची हलत नाहीत, ती बल्क मायग्रेटने (एकदम अनेक मशीन्स दुसऱ्या नोडवर हलवण्याची सोय) आधी हलवावी लागतात. एलएक्ससी कंटेनर (होस्टचाच कर्नल वापरणारी हलकी मशीन्स) तर बंद होऊनच पलीकडे सुरू होतात, म्हणून क्षणभरही न थांबणारं काम मी कंटेनरमध्ये ठेवत नाही.

एका वेळी एकच नोड, हे मी नव्या मुलांना पहिल्या दिवशी सांगते. तीनपैकी दोन नोड एकदम खाली गेले की उरलेल्याकडे कोरम, म्हणजे क्लस्टरमधलं बहुमत, राहत नाही, आणि त्यावर एचए चालू असेल तर साधारण मिनिटभरात वॉचडॉग (अडकलेला नोड रीसेट करणारा टायमर) त्यालाही रीसेट करतो. पहिला नोड क्लस्टरमध्ये परत येऊन कोरम दिसेपर्यंत मी दुसऱ्याला हात लावत नाही. आणि अपग्रेड करायचं ते फुल-अपग्रेडनेच, नुसत्या ॲप्ट (पॅकेज बसवणारी कमांड) अपग्रेडने नाही.

पुढची गोष्ट मला उशिरा कळली आणि तीच सर्वांत महत्त्वाची वाटते. होस्टवर क्यूईमूचा, म्हणजे व्हर्च्युअल मशीन प्रत्यक्ष चालवणाऱ्या प्रोग्रामचा, पॅच बसला तरी चालू मशीन जुन्याच क्यूईमूवर चालत राहतं. गेस्टच्या, म्हणजे त्या व्हर्च्युअल मशीनच्या, आतून रीबूट केल्यानेही काही बदलत नाही, कारण होस्टवरची प्रोसेस तीच असते. मशीन पूर्ण बंद करून चालू करावं लागतं, नाहीतर पॅच झालेल्या नोडवर मायग्रेट करावं लागतं. ‘क्यूएम स्टेटस’ या कमांडला व्हर्बोज जोडलं की चालू आवृत्ती दिसते, ती प्रत्येक मशीनची तपासल्याशिवाय मी पॅचिंग पूर्ण झालं असं लिहीत नाही.

नोडचे प्रोसेसर वेगवेगळ्या पिढ्यांचे असतील तर मशीनचा सीपीयू टाइप ‘होस्ट’ (नोडचा प्रोसेसर जसाच्या तसा दाखवणारा) ठेवू नका. मायग्रेशन यशस्वी दिसतं आणि मशीन पलीकडे जाऊन कोसळू शकतं.

गेस्टमध्ये पॅच टाकण्याआधी स्नॅपशॉट (मशीनची त्या क्षणाची नोंद, जिच्यावर परत जाता येतं) मी घेतेच, पण तो त्याच स्टोरेजवर असतो, त्यामुळे बॅकअप वेगळा लागतोच. स्नॅपशॉट मी दोन दिवसांत काढून टाकते.

प्रॉडक्शनसाठी सबस्क्रिप्शन घेऊन एंटरप्राइज रिपॉझिटरीच (प्रॉक्समॉक्सचा पॅकेजेसचा सशुल्क साठा) वापरा, तिथली पॅकेजेस जास्त तपासलेली असतात. आता आमचे तिन्ही नोड एकेक करून दुपारी, कामाच्या वेळेतच रीबूट होतात.