सामावून घेण्याच्या दोन वाटा: कॅनडा आणि फ्रान्स
कॅनडाने १९७१ मध्ये बहुसांस्कृतिकता, म्हणजे प्रत्येक समाजाला आपापली संस्कृती जपू देत देशात सामावून घेणे, हे सरकारी धोरण म्हणून स्वीकारले, १९८८ मध्ये त्याचा कायदा केला आणि १९९० पासून तेथील केंद्रीय पोलीस दलातील शिखांना गणवेशावर पगडी बांधण्याची मुभा मिळाली. फ्रान्समध्ये मात्र, २००४ च्या कायद्यानुसार, सरकारी शाळेतील शीख मुलाला पगडी आणि मुस्लिम मुलीला हिजाब उतरवूनच वर्गात बसावे लागते, कारण शासनाला नागरिक तेवढा दिसावा, त्याचा समाज नव्हे, अशी तेथील धारणा आहे. तत्त्व उदात्त खरे. पण जनगणनेत वंशाची नोंदच होत नसल्यामुळे नोकरीतला भेदभाव आकड्यांनी दाखवणे अवघड जाते, आणि माझ्या मते कॅनडा इथेच वरचढ ठरतो. अर्थात, कॅनडातल्याच क्वेबेक प्रांताने २०१९ मध्ये सरकारी शाळांतील शिक्षकांच्या धार्मिक चिन्हांवर बंदी आणली, हेही विसरता येत नाही.