झडप बंद होत नाही! बॅरल कुकर, काही महिन्यांच्या वापरानंतर

तक्रार आधी, कौतुक नंतर. हा बॅरल कुकर म्हणजे कोळशावर मांस शिजवायचं उभं पिंप, आत तळाशी कोळशाची टोपली आणि खाली हवा आत घ्यायची झडप. ही खालची झडप पूर्ण बंद होत नाही. शेवटपर्यंत सरकवली तरी झडपेचा सपाट पत्रा आणि पिंपाची गोलाई यांच्यात नखभर फट राहते, आणि त्या फटीपायी उरलेला कोळसा रात्रीतून जळून जातो. सगळं शिजवून झाल्यावर टोपलीत चांगल्या मूठ-दोन मूठ नव्हे, अर्ध्या टोपलीच्या आसपास ब्रिकेट (कोळशाचा चुरा दाबून केलेल्या वड्या) शाबूत असतात. सकाळी झाकण काढावं तर करडी भुकटी. ज्यांना कोळसा फुकट मिळतो त्यांनी इथून पुढचे दोन परिच्छेद सोडून दिले तरी चालेल.

कस्टमर केअरला कळवलं. फोटो पाठवा म्हणाले, पाठवले. आत टॉर्च ठेवून व्हिडिओ काढा म्हणाले, काढला. फटीतून उजेड स्पष्ट दिसतोय. त्यावर उत्तर आलं, "मॅडम, ती झडप बंद करण्यासाठी नाहीच. एकदा समुद्रसपाटीपासूनच्या उंचीप्रमाणे सेट करायची आणि विसरून जायचं." मग विझवायचं कसं? "ते आपोआप विझतं, मॅडम." विझतं ना. कोळसा संपला की जगातली कुठलीही शेगडी आपोआपच विझते.

बरीच पत्रापत्री झाल्यावर बदली झडप आली. तोच पत्रा, तोच स्क्रू, तीच फट. सोबत माहितीपत्रकाची नवी प्रत. नळी फुंकली सोनारे, दुसरं काय.

आता त्यांची बाजूही सांगते, कारण उंचीचा मुद्दा खोटा नाही. या कुकरला आच कमी-जास्त करायचं बटण नाही. जेवढी हवा आत तेवढी आच. समुद्रसपाटीजवळ झडप साधारण पाव उघडी ठेवायला सांगतात आणि उंचावर जाल तशी जास्त, कारण उंचावर हवा विरळ असते. दीड हजार मीटरवर हवेची घनता सुमारे १५ टक्के कमी भरते, म्हणजे तेवढ्याच भोकातून प्राणवायू कमी येणार. राहण्याची जागा काही रोज बदलत नाही, म्हणून एकदा ठरवून स्क्रू आवळून टाकायचा, असा हा हिशेब. पेटवताना आणि शिजवताना तो पटतो. फक्त ज्याने ही झडप आखली त्याने उरलेल्या कोळशाचा विचार केलेला नाही. बहुधा त्याला पिशवी कंपनीतून मिळत असावी.

नवशिक्यांसाठी मुख्य गोष्ट पेटवण्याची. टोपली ब्रिकेटने काठोकाठ भरायची, त्यातले चाळीसेक काढून चिमणीत, म्हणजे कोळसा पेटवायच्या पत्र्याच्या नळकांड्यात, घालायचे, खाली कागद किंवा पेटवणीची वडी लावायची. १२ ते १५ मिनिटांत वरच्या ब्रिकेटच्या कडा करड्या दिसू लागतात. मग ते निखारे टोपलीतल्या थंड कोळशावर ओतून सारखे पसरायचे, मांस टांगायच्या सळया आणि झाकण लावायचं. आग वरून खाली, शेजाऱ्याकडून शेजाऱ्याला लागत जाते आणि एका भरणात सहा-सात तास सहज निघतात. अमेरिकेतल्या बार्बेक्यू स्पर्धांमधल्या जिम मिनियन यांच्या नावाने ही पद्धत ओळखली जाते. सगळा कोळसा एकदम पेटवलात तर तासाभरात भट्टी होते, आणि मग त्या झडपेशी कितीही झटापट करा, ती ऐकत नाही.

पेटवायचं द्रव मी वापरत नाही. वास राहतो असं माझं मत. चिमणी एकदाच घ्यावी लागते, बाटली दर वेळी.

सुरुवातीला पांढरा, दाट धूर येतो. तेव्हा मांस आत सोडायची घाई करू नका, कडवटपणा चिकटतो. धूर पातळ, जेमतेम निळसर झाला की सुरू करा. लाकडाचा तुकडा टाकायचाच असेल तर मुठीएवढा एक पुरे. या पिंपात मांसाची चरबी आणि रस थेट निखाऱ्यांवर टपकतात, जळतात, आणि तोच धूर वर जाऊन मांसाला लागतो. कुकरची खरी चव तिथून येते. लाकूड हे वरचं तोंडीलावणं.

मांस टांगायच्या आकड्यांबद्दल (हुकांबद्दल) माझं मत पार बदललं, ते इथे नोंदवते. मांस आडवं जाळीवर न ठेवता आकड्याला टांगायचं हा प्रकार मला पहिल्यांदा निव्वळ जाहिरातबाजी वाटला होता. जाळी सोबत येतेच, मी तीच वापरत होते. पण जाळीवर मावतं किती? एक कोंबडी उघडून पसरली की जागा संपली. टांगायला लागल्यावर त्याच पिंपात त्याच्या दुप्पट-तिप्पट माल जातो, उलटापालट करावी लागत नाही, आणि चहूबाजूंनी रंग एकसारखा येतो. कोंबडी उभी चिरून दोन अर्ध्या करते, आकडा छातीच्या जाड भागातून घालते आणि तंगडी खाली येईल अशी टांगते. निखाऱ्यांच्या जवळ आच जास्त असते आणि तंगडीला जास्त आच लागतेच, छातीला कमी. दीड ते दोन तासांत होते. छातीच्या आत ७४ अंश सेल्सियस झाले की झालं. तंगडी ८० च्या पुढे गेली तरी बिघडत नाही, उलट मऊ होते.

रिब्ज, म्हणजे बरगड्यांची पट्टी, टांगताना मात्र जपा. वरच्या टोकापासून दोन-तीन हाडं सोडून, हाडाच्या खालून आकडा घालायचा, आणि पट्टी लांब असेल तर दोन आकडे. शिजत जातं तसं मांस हाडापासून सुटू लागतं आणि एका आकड्याच्या भरवशावरची पट्टी अचानक खाली निखाऱ्यांत. ती पडली की आवाजावरूनच कळतं. शिवाय लांब पट्टीचं खालचं टोक करपतं, म्हणून मी ती मधोमध कापून दोन तुकडे टांगते. दिसायला पूर्ण पट्टी जास्त छान, पण करपलेलं टोक फेकायचं म्हणजे मांस फेकायचं.

पोर्कच्या खांद्याचा मोठा तुकडा लावणाऱ्यांनी वेळेचं गणित घड्याळावर करू नये. आतलं तापमान ६५ ते ७५ च्या दरम्यान कुठेतरी येऊन थांबतं आणि तासन् तास हलत नाही. कुकर बिघडलेला नसतो. बाहेरून जेवढी उष्णता मांसाला मिळते, जवळजवळ तेवढीच पृष्ठभागावरचा ओलावा उडताना घेऊन जातो, म्हणून काटा अडतो. मी ७० च्या सुमाराला तुकडा उतरवून फॉइलमध्ये घट्ट गुंडाळते आणि जाळीवर ठेवते. बाष्प कोंडलं की काटा पुन्हा चढू लागतो. ९० ते ९५ ला चिवट धागे विरघळतात आणि चमच्याने मांस सुटं होतं.

झाकणावर तापमापक दिलेला नाही. यावर लोक फार चिडतात, मी नाही. झाकणाजवळचं तापमान आणि मांसाच्या उंचीवरचं तापमान यांचा एकमेकांशी फारसा संबंध नसतो. दोन सुया असलेला एक साधा डिजिटल तापमापक घ्या, एक सुई मांसात, एक शेजारी लटकती, वायर सळईच्या भोकातून बाहेर. पिंप साधारण १३५ ते १५० अंशांत स्थिरावतं आणि तिथे राहतं. पाच-दहा अंश इकडेतिकडे झाले म्हणून धावत जाऊ नका.

आणि झाकण सारखं उघडू नका! घरातल्या ओव्हनचं दार उघडलं की आच कमी होते, इथे उलटं आहे. झाकण काढलं की हवा भसकन आत जाते, निखारे फुलतात, टपकणारी चरबी पेटते, आणि झाकण लावल्यावर तापमान आधीपेक्षा वर गेलेलं असतं. मोठी ज्वाळा दिसली तर पाणी मारायचं नाही, झाकण लावायचं. हवा तुटली की ती बसते.

झाकणावरून पुन्हा झडपेकडे येते, कारण मध्यंतरी माझ्या लक्षात आलेली गोष्ट महत्त्वाची आहे. या पिंपाला हवा खालून मिळते हे खरं, पण ती ओढून घेण्याचं काम वरचं टोक करतं. सळया बसवायची जी चार भोकं काठाजवळ आहेत, त्यांतून गरम वायू बाहेर पडतो, म्हणून खालून थंड हवा आत येते. वरून जाणं बंद, तर खालून येणंही जवळजवळ बंद. म्हणजे आच कमी पडत असेल तर खालच्या गरम स्क्रूशी खेळायची गरजच नाही. एक सळई काढा, दोन भोकं मोकळी होतात, काटा चढतो. नाहीतर झाकण काही मिनिटं बोटभर तिरकं ठेवा. आच जास्त असेल तर फॉइलचे बोळे करून एक-दोन भोकं बुजवा. तेव्हापासून शिजवताना मी खालच्या झडपेला हात लावलेला नाही. कंपनीचं "सेट करून विसरा" हे तेवढ्यापुरतं बरोबर निघालं, लिहून ठेवते.

विझवतानाही तीच युक्ती. काम झालं की सळया काढून चारही भोकांत फॉइलचे घट्ट बोळे. झाकण दाबून बसवायचं आणि ते एखाद्या बाजूने डुगडुगत नाही ना हे बघायचं. माझं एका जागी किंचित उचललं जातं, तिथे हातमोजा घालून दाबून फिरवलं की बसतं. मग खालच्या झडपेच्या फटीवर तीन-चार घड्यांची फॉइलची पट्टी खोचायची. हे सगळं केल्यावर सकाळी टोपलीत काळा, अखंड कोळसा मिळतो. निम्म्याहून जास्त वाचतो. टोपली हलवून राख झाडायची, नवा कोळसा खाली, जुना वर किंवा चिमणीत. एकदा तापलेला कोळसा नव्यापेक्षा लवकर पेट घेतो. बारीक चुरा मात्र फेकायचा, तो हवेच्या वाटा अडवतो.

मग झडपेची तक्रार मागे घेतली का? अजिबात नाही. एवढ्या जाड पत्र्याचं, मुलामा दिलेलं पिंप करणाऱ्याला पत्र्याचा एक तुकडा पिंपाच्या गोलाईइतका वाकवता येऊ नये? फॉइलचा रोल मी माझ्या खिशातून आणते. शिवाय तो स्क्रू. त्यावर चरबी आणि राख मिळून जे काही बसतं ते वाळल्यावर सिमेंट. पहिल्याच दिवशी त्याला थोडं तेल लावा आणि अधूनमधून एकदा पूर्ण फिरवून ठेवा, नाहीतर तो आहे त्या जागी कायमचा.

साधा लाकडी कोळसा की ब्रिकेट यावर इतरत्र जोरदार भांडणं चालतात. या पिंपात ब्रिकेट, माझ्या मते विषय संपला. लाकडी कोळशाचे तुकडे लहानमोठे, मधल्या पोकळ्या लहानमोठ्या, त्यामुळे आच वरखाली होत राहते आणि लहान तुकडे टोपलीतून खाली पडून वाया जातात. ब्रिकेटची राख जास्त होते हा दोष आहेच, म्हणून दर वेळी तळ रिकामा करायचा. राख झडपेच्या भोकापर्यंत चढली की आग गुदमरते आणि आपण मांसाला दोष देत बसतो. पिशवी उघडी ठेवू नका, दमट हवेत ब्रिकेट ओलावा धरतात आणि हातातच फुटतात. झाकणाच्या डब्यात ठेवा.

राखेत जिवंत निखारा दुसऱ्या दिवशीही सापडू शकतो. प्लास्टिकच्या कचरापेटीत कधीच नाही, पत्र्याच्या डब्यातच. आणि हा कुकर उघड्यावरच वापरायचा. बंद जागेत, गॅरेजमध्ये, दार उघडं ठेवूनसुद्धा नाही. विझत असलेला कोळसाही कार्बन मोनॉक्साइड सोडतो आणि त्याला वास नसतो. "विझलंय आता" म्हणून गरम पिंप पावसाच्या भीतीने आत ओढणं हा सगळ्यात वाईट उद्योग.

मुलामा काचेसारखा आहे, चांगला आहे, पण आपटला की टवका उडतो. सळयांच्या भोकांपाशी माझ्याकडे उडालेत, तिथे गंज दिसायला लागलाय. खाण्याच्या तेलाचं बोट फिरवते, वाढत नाही. कुकर विकत घेण्याऐवजी जुन्या २०० लिटरच्या पिंपाला भोकं पाडून स्वतः करता येतो, आणि काटकसरीचा जीव म्हणून मला तो मोह झालाच होता. पण जस्ताचा मुलामा असलेलं पिंप घेऊ नका, तापल्यावर त्याचा धूर विषारी. आतून रंग किंवा लेप असलेलं असेल तर तो आधी पूर्ण जाळून, घासून काढावा लागतो. पिंपात पूर्वी काय भरलं होतं हे विकणारा खात्रीने सांगू शकत नसेल तर ते पाणी साठवायलाही नको.

घ्यावा का? घ्या. पहिल्याच दिवशी बऱ्यापैकी कोंबडी देणारं कोळशाचं दुसरं साधन मी वापरलेलं नाही. फक्त घेताना दुकानातच मोबाइलचा टॉर्च आत सोडा, झाकण लावा, झडप बंद करा आणि गुडघ्यावर बसून फटीतून उजेड येतो का ते बघा. येत असेल तर दुसरा नग उघडायला लावा. विक्रेता तोंड वाकडं करेल, करू दे.