गूगल फॉर्म बरा की वर्गातली बैठक?

बडोद्यात मी ज्या कॉलेजात शिकवते, तिथे मुलांचं मत विचारायच्या दोन तऱ्हा आहेत: सत्र संपताना गूगल फॉर्म आणि महिन्यातून एकदा वर्गात बैठक.

फॉर्मवर नाव नसतं, म्हणून भीड नसते. 'मॅडम फार भरभर शिकवतात' हे माझ्या तोंडावर कोण म्हणणार? शिवाय नॅकच्या (कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या संस्थेच्या) विद्यार्थी समाधान सर्वेक्षणातही 20 पर्यायी प्रश्न आणि 1 खुला प्रश्न असतो, तेव्हा आकडे लागतातच. पण मुलं रिक्षात बसल्या बसल्या सगळीकडे '4' दाबून मोकळी होतात. खरा माल त्या खुल्या चौकटीत, आणि तीच कुणी धड वाचत नाही.

बैठकीत दोन-तीन बोलकी पोरंच बोलतात, हे खरं. तरी मला तीच आवडते, कारण उलट विचारता येतं. फॉर्मवर 'लायब्ररी: असमाधानी' एवढंच आलं होतं. बैठकीत मागच्या बाकावरची मुलगी, निम्मं मराठी निम्मं गुजराती, म्हणाली, "मॅडम, सकाळी कॉलेज, मग नोकरी. सुटते साडेपाचला, लायब्ररी पाचला बंद." आठवड्यातून दोन दिवस ती सातपर्यंत उघडी ठेवली, शिपाईकाकांची पाळी बदलली, झालं. लाजऱ्यांसाठी आता आधी कोऱ्या चिठ्ठ्या वाटते.

रीतसर तक्रार असेल तर मात्र दोन्ही सोडा. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) 2023 च्या नियमांप्रमाणे कॉलेजच्या विद्यार्थी तक्रार निवारण समितीने शक्यतो कामकाजाच्या 15 दिवसांत अहवाल द्यायचा असतो. अर्ज तिथेच द्यायचा, पोच घेऊन.