आमच्या मासिकाचा छापखाना : शहापूर, बेळगाव

आमचं राजकीय मासिक ट्रस्टचं आहे, नफा नाही, आणि नोंदणीकृत नियतकालिकाला एफसीआरए म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याने बाहेरच्या देशातली देणगी घेता येत नाही, म्हणजे सगळा गाडा बेळगाव, खानापूर, निपाणीच्या वर्गणीदारांवर. हिशेब माझ्याकडे असतोय म्हणून सांगते, छपाईचं बिल बघूनच महिना कसा जाणार ते कळतंय.

शहापूरच्या या छापखान्याचे लोक पहिल्याच दिवशी म्हणाले, ताई ४४ पानं कशाला, छपाईचा एक फॉर्म, म्हणजे घडी घालून होणारा पानांचा संच, १६ पानांचा पडतोय, ४८ करा, कागद तेवढाच लागतोय. त्या ४ पानांत आता वर्गणीचा फॉर्म, क्यूआर कोड आणि जाहिराती बसतात, खरंच मोठा आधार झालाय. ८०जी ची, म्हणजे देणगीवरच्या आयकर सवलतीची, सूचना पण तिथंच छापतो, २००० च्या वर रोख देणगीला सूट नाही हे लोकांना माहीतच नसतंय.

पत्त्याची लेबलं पिनकोडप्रमाणे लावून गठ्ठे बांधून देतात, पोस्टात माझा अर्धा दिवस वाचतोय. एकदा पिना ढिल्या बसल्या होत्या, मधली पानं सुटून आली, वर्गणीदारांचे फोन घेताना वाईट वाटलं, पण तेवढे अंक त्यांनी परत छापून दिले. उधारी मात्र ३० दिवसच, त्यात जरा सांभाळून घेतलं तर बरं होईल.