फाइलचा नंबर बघून जुना कॅमेरा घेऊ नका

मैत्रिणीच्या लग्नाचे फोटो मी काढायचे ठरले, पण नवा कॅमेरा घेण्याइतके पैसे जवळ नव्हते. ऑनलाइन जाहिरात बघून एक जुना निकॉन डीएसएलआर घेतला. विकणारा शांतपणे बोलत होता, कसलीही घाई करत नव्हता. त्याने मला नेमकं काय दाखवलं ते सविस्तर लिहिते, कारण हीच युक्ती उद्या तुमच्यावरही चालेल.

"जेमतेम चार हजार फोटो काढलेत, बघा ना," असं म्हणून त्याने माझ्यासमोर एक फोटो काढला आणि स्क्रीनवरचं फाइलचं नाव दाखवलं. नंबर होता 4127. मला पटलं. कॅमेऱ्यावर ओरखडासुद्धा नव्हता.

पण तो नंबर म्हणजे शटरचा, म्हणजे फोटो काढताना उघडणाऱ्या पात्यांच्या पडद्याचा, काउंट नव्हे. फाइलचा नंबर 9999 पर्यंत गेला की पुन्हा 0001 पासून सुरू होतो, शिवाय मेनूमधून तो हवा तेव्हा रीसेट करता येतो. शटर एकूण किती वेळा उघडलं याचा आकडा निकॉनचे डीएसएलआर फोटोच्या एक्झिफ माहितीत, म्हणजे फाइलमध्येच साठवलेल्या तपशिलात, लिहून ठेवतात. तो वाचायला कार्डावरची मूळ फाइल लागते. मी आधी नमुन्याचे फोटो मागितले होते, त्याने ते व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवले. तिथे साधा फोटो म्हणून पाठवला की ही माहिती गळून जाते. मी फक्त फोटो स्पष्ट आहेत का तेवढं पाहिलं.

लग्नाच्या दिवशी पहिला तास छान गेला. मग बाहेर उन्हात 1/2000 सेकंदाच्या शटरच्या वेगाने काढलेल्या फोटोंत खाली काळी पट्टी दिसू लागली. फ्लॅश लावून 1/200 च्या पुढे गेलं तर अशी पट्टी येऊ शकते हे माहीत होतं, पण फ्लॅश बंदच होता. वेग 1/125 वर आणला, पट्टी गेली, मी पुढे काढत राहिले. खरं तर तेव्हाच थांबून दुसऱ्या कुणाचा कॅमेरा मागायला हवा होता. निघायच्या वेळी मैत्रीण तिच्या आईच्या गळ्यात पडली. मी बटण दाबलं, खट्ट आवाज आला, व्ह्यूफाइंडरमध्ये अंधार झाला आणि स्क्रीनवर एरर आला. बटण पुन्हा दाबलं, बॅटरी काढून घातली, काही झालं नाही. त्या दोघींचा एकच फोटो आहे, तिच्या भावाने मोबाइलवर काढलेला, हललेला.

दुरुस्तीवाल्याने शटरचं एक पातं वाकलेलं दाखवलं. नंतर घरी मी कार्डावरची मूळ फाइल वाचली. काउंट 1,14,000 च्या वर होता. सुरुवातीच्या श्रेणीतल्या डीएसएलआरचं शटर साधारण 1,00,000 वेळांसाठी तपासलेलं असतं. त्यापुढेही ते चालू शकतं, पण चार हजार सांगून मला विकणं ही सरळ फसवणूक होती. लेन्समधून मागून टॉर्च मारल्यावर आत बुरशीचे बारीक धागेही दिसले. उजेड समोरून आला की फोटो धुरकट का येत होते, ते तेव्हा कळलं.

विकणाऱ्याचा फोन आधी नुसता वाजत राहिला, मग बंद झाला. पैसे मी थेट त्याच्या हातात दिले होते, त्यामुळे जाहिरातीच्या साइटकडे व्यवहाराची नोंदच नव्हती.

जुना कॅमेरा घेणार असाल तर स्वतःचं कार्ड घेऊन जा. समोर एक फोटो काढा आणि ती फाइल लॅपटॉपवर उघडून काउंट बघा. कॅननच्या बऱ्याच मॉडेल्समध्ये तो फोटोत लिहिलेला नसतो, तिथे केबलने जोडून सॉफ्टवेअरने वाचावा लागतो. विकणारा त्याला तयार नसेल तर तिथून निघा. कॅमेऱ्यातला सगळ्यात जास्त वेग लावून मोकळ्या आकाशाचे दहा-बारा फोटो काढा, पट्टी असेल तर त्यात दिसेल. लेन्समध्ये टॉर्च मारा. आणि लग्नाच्या आधी निदान दोन आठवडे तो रोज वापरा. मला फक्त तीन दिवस मिळाले होते, तेही सगळे घरात, कमी उजेडात, कमी वेगावर फोटो काढण्यात गेले.