ब्लॅक लेस एल्डर : २८ महिन्यांनंतर

आमच्या इंग्लंडमधल्या रेडिंगच्या घरी पहिल्यांदा येणारी मराठी माणसं चहा घेता घेता मागच्या काचेतून बाहेर बघतात आणि विचारतात, "ते काळं झाड कसलं गं?" दर वेळी थोडं थोडं सांगण्यापेक्षा एकदा सगळं लिहून ठेवते.

हे एल्डर. इथल्या कुंपणांत, रेल्वेच्या कडेला रानोमाळ उगवतं तेच, फक्त पानं गडद जांभळी, जवळजवळ काळी. ब्लॅक लेस जातीची पानं गाजराच्या पाल्यासारखी बारीक कातरलेली असतात. केंटमधल्या ईस्ट मॉलिंगच्या संशोधन केंद्रात ही जात तयार झाली. रोपवाटिकेच्या पाटीवर कधी 'ईव्हा' लिहिलेलं असतं, कधी 'ब्लॅक लेस', कधी दोन्ही. झाड एकच. तिची बहीण 'गेर्डा', म्हणजे ब्लॅक ब्युटी, रुंद पानांची. मला कातरलेली पानं आवडली म्हणून ईव्हा आणली. दोन लिटरच्या कुंडीतलं गुडघाभर रोप, १८ पौंड.

पहिलं वर्ष मी वाया घालवलं. कुंपणाच्या उत्तरेकडे, सावलीत लावलं. झाड जगलं, वाढलंसुद्धा, पण पानांचा रंग शेवाळी आणि तपकिरी यांच्या मधला कुठला तरी. काळेपणा हवा असेल तर ऊन पाहिजे, निदान अर्धा दिवस तरी. नोव्हेंबरात पानं गळल्यावर मुळांभोवतीच्या मातीच्या गड्ड्यासकट उचलून दक्षिणेच्या उन्हात हलवलं. आमची माती चिकण, हिवाळ्यात पाणी धरून ठेवणारी. एल्डरनं त्याबद्दल कधी कुरकुर केली नाही. बुंध्याशी दरवर्षी कंपोस्टचं आच्छादन देते, बाकी खत नाही.

आता छाटणी. खरं तर सगळं लिहायला बसले ते यासाठीच.

दुसऱ्या वर्षी मार्चच्या सुरुवातीला मी सगळं झाड जमिनीपासून फूटभर ठेवून छाटलं. सगळे तसंच सांगतात: छाटा, म्हणजे पानं मोठी आणि रंग गडद. ते शंभर टक्के खरं आहे. सप्टेंबरपर्यंत पाच फुटांच्या नऊ काड्या आल्या, आणि पानं अशी की येणाऱ्याजाणाऱ्यानं थांबून बघावं. पण जून आला आणि गेला, एक फूल नाही. शेजारच्या गल्लीतलं रानटी एल्डर पांढऱ्या फुलांनी लवलेलं, आणि माझ्या झाडाला कळीसुद्धा नाही. मला फार वाईट वाटलं.

रविवारी आप्पांशी फोनवर बोलताना हे सांगितलं. दिंडोरीकडे आमची द्राक्षबाग आहे आणि आप्पांचं सगळं आयुष्य छाटणीत गेलं आहे. एल्डर त्यांनी कधी पाहिलेलं नाही. त्यांनी एवढंच विचारलं, "अगं, फूल कुठल्या काडीवर येतं? यंदाच्या फुटीवर, की मागच्या वर्षीच्या काडीवर?"

"मागच्या वर्षीच्या, आप्पा."

"मग काडी ठेवलीच नाहीस तर माल येणार कुठून?"

लहानपणापासून बघत आलेय की एप्रिलची खरड छाटणी काडी तयार करायला, आणि ऑक्टोबरची छाटणी त्या काडीवर माल घ्यायला. एल्डरचं गणितही काडीवरच चालतं, फक्त त्याला वर्ष लागतं. सगळं खरडून छाटलंत की त्या वर्षी नुसतं पान. काहीच छाटलं नाहीत तर फुलं येतात, पण काही वर्षांत झाड दहा फुटांवर जातं, खालून उघडं पडतं आणि फुलं बघायला शिडी लागते.

म्हणून यंदा फेब्रुवारीत मधला मार्ग काढला. नऊपैकी तीन काड्या, ज्या आत वळत होत्या किंवा एकमेकींवर घासत होत्या, त्या बुडाशी कापल्या. उरलेल्या सहांचे फक्त वाळके शेंडे काढले, खाली हिरव्या डोळ्यांच्या (कोंबांच्या) जोडीपर्यंत. एल्डरचे डोळे समोरासमोर जोडीनं असतात, त्यामुळे काप तिरका न घेता जोडीच्या जरा वर सरळ घ्यायचा. काडी कापली की आत पांढरा, मऊ, भेंडासारखा गाभा दिसतो. नख लावलं तर खड्डा पडतो. कोवळ्या काडीला सिकेटर (छाटणीची कात्री) पुरतं, अंगठ्याहून जाड झाली की छोटी करवत घ्या, नाहीतर काडी चिरडते. आणि पानं असताना छाटलंत तर हात लगेच धुवा, चुरडलेल्या पाल्याचा वास बराच उग्र असतो.

जूनमध्ये सहा काड्यांच्या बगलफुटींवर तेवीस तुरे आले. ताटलीसारखे पसरट, कळ्या गडद गुलाबी, उमललेली फुलं फिकट गुलाबी, मागे काळी पानं. सकाळच्या उन्हात लिंबासारखा वास येतो. बुडाशी कापलेल्या तीन काड्यांच्या जागी नव्या फुटी तीन फुटांवर गेल्या आहेत. पुढच्या वर्षीची फुलं त्यांच्यावर.

तेवीसपैकी दहा तुऱ्यांचं सरबत केलं. देठ काढून नुसती फुलं साखरेच्या कोमट पाकात चोवीस तास ठेवली, वर लिंबू. लिंबू पडताच रंग असा खुलतो की थेट कोकम सरबत आठवतं. बाकीचे तुरे फळांसाठी ठेवले. पक्ष्यांनाही त्यातलं मिळू दे. एक गोष्ट मात्र घरात लहान मुलं असतील तर नीट सांगा: पानं, काड्या आणि कच्ची फळं पोटात गेली तर विषारी असतात, त्यातून सायनाइड सुटतं. कामोणीएवढी काळी फळं पिकली तरी शिजवल्याशिवाय खायची नाहीत.

तक्रारी थोड्याच. मे अखेरीस कोवळ्या शेंड्यांवर काळा मावा येतो, मागोमाग मुंग्या. मी पाइपच्या पाण्यानं झोडपते आणि थांबते. दोन आठवड्यांत लेडीबर्ड किडे येऊन काम संपवतात. फवारणी एकदाही केली नाही. हे झाड लवकर जागं होतं, त्यामुळे एप्रिलमधल्या एका रात्रीच्या गोठलेल्या दहिवरानं शेंडे करपले होते. महिन्याभरात भरून आले.

पुण्याहून वहिनींनी विचारलं की बी पाठवशील का. नको म्हटलं. हे थंड प्रदेशाचं झाड, त्याला पानगळीची कडक थंडी लागते.

इथल्या मैत्रिणींना मात्र काड्या दिल्या. फेब्रुवारीत कापलेल्या तीन काड्यांचे वीतभराचे आठ तुकडे करून कुंडीत खोचले होते, सहा लागले. चार नव्या घरी गेले, दोन अजून माझ्याकडे आहेत.

पानं गळल्यावर नवी-जुनी काडी ओळखताना घोळ होऊ नये म्हणून यंदा फुललेल्या सहा काड्यांपैकी तीन जाड काड्यांना आत्ताच लाल दोरा बांधून ठेवलाय. फेब्रुवारीत त्या बुडाशी जातील. आप्पांना फोटो पाठवला, तर त्यांनी चौथी काडी दाखवून विचारलं, "हिला का ठेवलीस?" तिच्यावर सर्वांत जास्त तुरे होते, सात. आप्पा म्हणाले, "मग राहू दे."